हातांनाही शिकू द्या

मराठीत 'छंद' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. कवितेच्या चालीला, तिच्या मापाला छंद म्हणतात आणि मनापासून आवडणाऱ्या, फुरसतीच्या कामालाही छंद म्हणतात. तुम्ही घरी ज्याला शौक किंवा मश्गला म्हणता, तोच हा छंद. छंदामुळे कवितेला वळण येते, तसेच ते रिकाम्या वेळेलाही येते. पण आपल्याकडे या शब्दाकडे अजूनही थोडे संशयानेच पाहिले जाते. मुलाने रंग काढले किंवा मुलीने माती मळायला घेतली, की घरातून आवाज येतो, "अभ्यास झाला का? मग हे कशाला?"

मुलांनो, या प्रश्नाचे उत्तर मी आज देणार आहे. मी शिक्षक आहे, तेव्हा अभ्यासाला विरोध करणे मला शोभणार नाही आणि माझा तसा विचारही नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की प्रत्येक विद्यार्थ्याला, मग तो मुलगा असो की मुलगी, हाताने करायचा एक तरी छंद असावा. शिवाय तो छंद परीक्षेच्या गुणांसाठी नसावा आणि शाळेत शिकण्याच्या वयात पैशांसाठीही नसावा. हे मत पटवून देण्यासाठी मी दोन छंदांची उदाहरणे घेतो. एक आहे फार जुना, भरतकामाचा. दुसरा त्या मानाने अगदी नवा, पॉलिमर क्ले नावाच्या मातीचे दागिने करण्याचा. दोन्ही छंद मला स्वतःला आहेत. शाळेच्या वह्या तपासून झाल्या, की मी कधी सुईत दोरा ओवतो, तर कधी माती मळायला बसतो. म्हणून हे मत ऐकीव नाही.

आधी भरतकामाकडे वळू. तुमच्या घरी ज्याला कढाई किंवा कशीदाकारी म्हणतात, त्याला मराठीत भरतकाम म्हणतात. कापडावर काढलेली आकृती दोऱ्याने भरायची, म्हणून भरतकाम. पण मराठीत 'कशिदा' हा शब्दही आहे. नक्षी, जरी, रेशीम, अस्तर, नमुना, कारागीर असे कितीतरी शब्द फारसीतून मराठीत आले आणि इथलेच होऊन गेले. तुम्ही ज्याला हुनर म्हणता, त्याला मराठी माणूस हुन्नर म्हणतो. तेव्हा सुईदोरा हातात घेतला, की या विषयावरची निम्मी मराठी तुम्हांला आधीच येते, असे समजायला हरकत नाही.

आपल्या देशात प्रत्येक प्रदेशाने आपापला टाका घडवला आहे. लखनौची चिकनकारी तुम्ही ऐकली असेलच. पांढऱ्या मलमलीवर पांढऱ्या दोऱ्याने हे काम करतात. तांदळाच्या दाण्यासारखा दिसणारा टाका म्हणजे मुर्री आणि बाजरीच्या दाण्यासारखा गोल टाका म्हणजे फंदा. पंजाबची फुलकारी जाड्याभरड्या खादीवर रेशमी दोऱ्याने करतात. गंमत अशी, की तेथील बाई कापडाच्या उलट्या बाजूने टाके घालते आणि फूल सुलट्या बाजूवर उमलते. कर्नाटकातील धारवाड भागात कसुती नावाचे भरतकाम आहे. त्यात दोऱ्याला गाठ मारत नाहीत. कापडाचे धागे मोजून टाके घालतात आणि कित्येकदा नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. काश्मिरात शालींवर जे बारीक सोझनी काम होते, ते परंपरेने पुरुषही करत आले आहेत. आणि आपल्या महाराष्ट्रातील गोधडी? जुनी लुगडी आणि धोतरे एकावर एक ठेवून साध्या धावदोऱ्याने ती शिवतात. टाक्यांत सर्वांत सोपा टाका धावदोरा, पण त्या एका टाक्यावर घरातल्या साऱ्या मुलांची थंडी भागते.

हा छंद सुरू करायला काय लागते? एक सुई, दोन-तीन रंगांच्या दोऱ्याच्या लडी, कापड ताणून धरायला एक रिंग आणि जुन्या चादरीचा किंवा पांढऱ्या सदऱ्याचा तुकडा. हे सारे सामान एका लहानशा डब्यात मावते. भरतकामाच्या सुती दोऱ्यात सहसा सहा पदर असतात. सुरुवातीला त्यांतले दोन किंवा तीन पदरच घ्यावेत. दोरा हातभरच घ्यावा. लांब घेतला तर गुंता होतो. प्रथम धावदोरा, मग उलटी टीप, म्हणजेच बखिया, त्यानंतर दांडी टाका, साखळी टाका, काज्याचा टाका आणि शेवटी गाठीचा टाका, अशा क्रमाने शिकले तर सोपे जाते. टाका फार ओढला तर कापड चुणते आणि सैल सोडला तर दोरा लोंबतो. किती ओढायचा, हे कोणत्याही पुस्तकात लिहून सांगता येत नाही. ते बोटांनाच कळावे लागते. हाताचे शिक्षण म्हणतात ते हेच.

आता दुसऱ्या छंदाकडे येऊ. पॉलिमर क्ले हिला माती म्हणतात खरे. पण ती खरी माती नव्हे. घरातील पाण्याचे नळ आणि विजेच्या तारेवरचे वेष्टण ज्या पीव्हीसी नावाच्या प्लॅस्टिकचे असते, त्याचेच बारीक कण या मातीत असतात. ते मऊ राहावेत म्हणून त्यात तेलासारखा एक पदार्थ आणि शिवाय रंग मिसळलेले असतात. ही माती हवेत ठेवली तरी लवकर वाळत नाही. मळा, आकार द्या, मोडा, पुन्हा मळा, तिची काही तक्रार नसते. पण भट्टीत, म्हणजे ओव्हनमध्ये, ठरावीक उष्णता दिली की ते कण एकमेकांत मिसळून जातात आणि वस्तू कायमची टणक होते. कुंभाराच्या मातीत पाणी असते, म्हणून मडके वाळताना आणि भाजताना आकसते. या मातीत पाणी नसते, म्हणून ती जवळजवळ आकसत नाही.

या मातीचा इतिहासही मोठा मजेदार आहे. जर्मनीत केथे क्रूझ नावाच्या एक प्रसिद्ध बाहुलीकार बाई होत्या. १९३९ च्या सुमारास बाहुल्या करण्यासाठी एक नवा पदार्थ त्यांच्याकडे आला. कारखान्याच्या कामाला तो उपयोगी पडेना. तेव्हा बाईंनी तो आपल्या मुलीला दिला. मुलगी त्याच्याशी खेळू लागली, त्यातून आकार घडवू लागली. या मुलीला घरात फिफी म्हणत. पुढे १९६० च्या दशकात हाच पदार्थ 'फिमो' या नावाने बाजारात आला. या नावातील 'फि' हे अक्षर फिफीचेच आहे, असे सांगतात. अमेरिकेतही त्याच दशकात अशीच दुसरी माती तयार झाली. विजेच्या ट्रान्सफॉर्मरमधील उष्णता बाहेर काढण्यासाठी ती बनवली होती. त्या कामी ती यशस्वी झाली नाही. पण कलावंतांच्या हातात पडली आणि लोकप्रिय झाली. कारखान्याने टाकून दिलेला पदार्थ खेळणाऱ्या हाताने उपयोगात आणला, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. फिफीच्या आईने तिला "हे कशाला?" असे विचारले असते तर?

या मातीचे दागिने करताना जी युक्ती वापरतात, ती समजायला एक बाकरवडी पुरे. बाकरवडी करताना पोळीवर सारण पसरतात, तिची गुंडाळी करतात आणि मग तिचे काप करतात. कुठेही कापा, प्रत्येक कापात तेच वळण दिसते. तसेच येथे पांढऱ्या मातीची एक पातळ पोळी आणि निळ्या मातीची दुसरी पोळी एकावर एक ठेवून गुंडाळली आणि तिचे काप केले, तर प्रत्येक चकतीवर तेच भोवऱ्यासारखे चित्र येते. गुंडाळी हलक्या हाताने लांबवली की ती बारीक होते. चित्र लहान होते, पण मोडत नाही. वेगवेगळ्या रंगांच्या कांड्या शेजारी शेजारी लावून फूलही करता येते. आधी लांबलचक फूल करायचे आणि मग त्याचे काप घ्यायचे! इटलीतील व्हेनिस शहराजवळच्या मुरानो बेटावर काचेचे कारागीर शेकडो वर्षे याच रीतीने रंगीत मणी करत आले आहेत. मातीच्या कलावंतांनी ही रीत त्यांच्याकडूनच उचलली.

मात्र या छंदात काही पथ्ये पाळलीच पाहिजेत. पाकिटावर छापलेली उष्णता आणि वेळ काटेकोरपणे पाळावी. बहुतेक माती ११० ते १३५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान भाजली जाते. गॅसच्या ज्योतीवर किंवा तव्यावर ती भाजू नये. जळाली तर तिच्यातून घातक वायू निघतो. ओव्हनमध्ये त्याच वेळी खाण्याचे पदार्थ ठेवू नयेत आणि मातीसाठी वापरलेले ताट पुन्हा जेवणासाठी घेऊ नये. खिडक्या उघड्या असाव्यात आणि घरातील मोठे माणूस जवळ असावे. मण्याला भोक पाडायचे ते भाजण्यापूर्वीच.

तुम्ही म्हणाल, "सर, आमच्या घरी ओव्हन कुठे आहे? आणि ही माती तर महाग मिळते." तुमचे म्हणणे अगदी बरोबर आहे. म्हणून एक स्वस्त वाट सांगतो. एक वाटी कॉर्नफ्लॉवर म्हणजे मक्याचे पांढरे पीठ, एक वाटी सुतार लाकडाला लावतात तो पांढरा डिंक, चमचाभर तेल आणि चमचाभर लिंबाचा रस एकत्र करून मंद आचेवर ढवळावे. गोळा भांड्याच्या कडा सोडू लागला की उतरवून, कोमट झाल्यावर मळावा. हे काम मोठ्यांना बरोबर घेऊनच करावे आणि त्यासाठी एखादे टाकाऊ भांडे घ्यावे. या गोळ्याचे मणी भाजावे लागत नाहीत. दोन-तीन दिवसांत हवेतच वाळतात. फक्त त्यात पाणी असल्यामुळे ते वाळताना थोडे आकसतात, आणि पाण्यात भिजले तर पुन्हा मऊ पडतात. म्हणून वरून वॉर्निशचा हात द्यावा लागतो.

एकदा वर्गात मुलांनी असे मणी केले. काहींनी घाई करून ते कडक उन्हात ठेवले आणि काहींनी सावलीत ठेवले. दुसऱ्या दिवशी उन्हातल्या मण्यांना तडे गेले होते. सावलीतले शाबूत होते. मी काही सांगण्याआधीच एक मुलगा म्हणाला, "सर, वरचा थर आधी वाळला आणि आत ओल राहिली, म्हणून फुटले असतील." हेच वाक्य मी फळ्यावर लिहून दिले असते, तर ते परीक्षेपर्यंतही टिकले नसते. आता ते त्या मुलाचे स्वतःचे ज्ञान झाले आहे. दुसऱ्या एका गटाने निम्मे मणी दुप्पट मोठे करायचे ठरवले. त्यांना वाटले, माती दुप्पट लागेल. ती पुरेनाच! शेवटी हिशोब केला तेव्हा कळले, की मण्याचा व्यास दुप्पट केला तर माती आठपट लागते. भूमितीचे पुस्तक उघडून त्यांनी गोलाच्या घनफळाचे सूत्र आपण होऊन पाहिले. गणिताच्या तासाला मला असे दृश्य क्वचितच दिसते.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. हाताच्या छंदात अशी कोणती गोष्ट आहे, जी वर्गात मिळत नाही? माझ्या मते ती गोष्ट म्हणजे उसवण्याची सोय. टाका वाकडा पडला, तर सुईच्या टोकाने तो उसवता येतो. कापडाला थोडी भोके दिसतात. ती ओल्या बोटाने घासली की बुजतात. पुन्हा टाका घालायला कापड तयार! मातीचे फूल बिघडले, तर गोळा करून पुन्हा मळता येते. परीक्षेत असे नसते. तेथे तीन तास असतात, उत्तर चुकले की गुण गेले. त्यामुळे होते काय, की मुले चुकायलाच भितात. प्रश्न विचारला तर हात वर करत नाहीत, मराठीत बोला म्हटले तर गप्प बसतात. 'चुकलो तर?' ही भीती त्यांच्या जिभेवर बसलेली असते. ज्याने दहा वेळा टाका उसवून अकराव्या वेळी सरळ घातला आहे, त्याला कळते, की चूक म्हणजे शेवट नाही. पुढचा प्रयत्न तिथूनच सुरू होतो. हे धैर्य बोटांतून मनात येते. म्हणून मी म्हणतो, की हातांनाही शिकू द्या.

या मतावर काही आक्षेप घेतले जातात. त्यांचा विचार केला पाहिजे.

पहिला आक्षेप वेळेचा. दहावीचे वर्ष, शिकवणी, गृहपाठ, यांतून वेळ कुठला? मला वाटते, वेळ आहे. तो दुसरीकडे जातो. आज कितीतरी मुले मोबाईलवर दुसऱ्यांनी केलेले दागिने आणि दुसऱ्यांनी भरलेली फुले तासन् तास पाहत बसतात. पाहण्यात वाईट काही नाही. त्यातून एखादी युक्ती कळतेही. पण पोहणाऱ्याकडे पाहून पोहणे येत नाही. त्या वेळातला रोज अर्धा तास जरी हाताला दिला, तरी महिन्याभरात रुमालाच्या चारही कोपऱ्यांवर वेल चढेल. परीक्षेच्या काळात डबा बंद करून ठेवा. सुई रागावत नाही.

दुसरा आक्षेप असा, की सुईदोरा आणि दागिने हे मुलींचे काम आहे. हा आक्षेप मला सर्वांत कच्चा वाटतो. जरदोजीच्या कारखान्यात जाऊन पाहा. लाकडी चौकटीवर कापड ताणलेले असते. त्या चौकटीला अड्डा म्हणतात. तिच्याभोवती मांडी घालून बसलेले बहुतेक कारागीर पुरुषच असतात. हातात आकडीसारखी आरी आणि समोर सलमा-सितारे. लग्नाचा जो जोडा पाहून सारे वाहवा करतात, तो बहुधा पुरुषाच्याच हातचा असतो. पुरुषाने पैशासाठी सुई धरली तर तो कारागीर, आणि मुलाने आवडीने धरली तर त्याला हसायचे, हा न्याय मला कळत नाही. मुलींनी पाना आणि पक्कड धरावी आणि मुलांनी सुई धरावी. सदऱ्याचे बटण लावायला आईची वाट पाहणारा तरुण मला तरी स्वावलंबी वाटत नाही.

तिसरा आक्षेप यंत्राचा. बाजारात यंत्राने भरलेले कापड स्वस्तात मिळते, प्लॅस्टिकचे झुमके ढिगाने मिळतात. मग हाताने कशाला करायचे? हा प्रश्न वस्तूचा असता, तर उत्तर सोपे होते. बाजारातून आणा आणि मोकळे व्हा. पण छंदात वस्तू हा अर्धाच लाभ असतो. ती करताना माणूस जे शिकतो, ते दुकानात मिळत नाही. शिवाय बाजारातल्या हजार झुमक्यांत तुमच्या मनातला एकही नसतो. मातीच्या बटणाला दोन भोके ठेवून ते स्वतः भरलेल्या पिशवीवर टाकावे, पाकळी दोऱ्याची आणि मधला दाणा मातीचा करावा, असे प्रयोग यंत्र आपण होऊन करत नाही.

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो अनेकदा प्रेमातून येतो. "पोरीचा हात चांगला चालतो, तर चार पैसे का मिळवू नयेत?" या प्रश्नावर मला थोडे सविस्तर बोलायचे आहे, कारण तो आपल्या वस्त्यांतला प्रश्न आहे.

ज्या घरांत सुईवर चूल पेटते, त्या घरांविषयी मला मनापासून आदर आहे. पण छंद आणि मजुरी यांतला फरक आपण विसरू नये. मजुरीच्या कामात नक्षी दुसऱ्याची, रंग दुसऱ्याचे आणि मुदतही दुसऱ्याची असते. एकच बुट्टी दिवसभर, आठवडाभर भरायची आणि नगावर पैसे घ्यायचे. ठेकेदाराला उद्या माल हवा असतो. तेथे उसवून पाहण्याची, नवा रंग लावून पाहण्याची सवड नसते. मोठ्या माणसांनी हे काम निवडले, तर तो त्यांचा कष्टाचा, मानाचा व्यवसाय आहे. मुलांच्या बाबतीत मात्र अडचण निराळी आहे. हात चालू लागला की शाळा थांबते. आधी सुट्टीत काम, मग शाळेतून आल्यावर काम, मग परीक्षेच्या आदल्या दिवशी काम आणि एक दिवस हजेरीपटावर नाव असते, पण बाकावर मुलगी नसते. अशी रिकामी बाके मी पाहिली आहेत. कायदाही याबाबत स्पष्ट आहे. बालकामगारविषयक १९८६ च्या कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली आणि १४ वर्षांखालील मुलांना कोणत्याही धंद्यात कामावर ठेवण्यास मनाई झाली. घरच्या कामात शाळेच्या वेळेबाहेर मदत करण्याची सवलत आहे, पण तिचा अर्थ शाळा सोडावी असा मुळीच नाही.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे, की मुलीचा हात चांगला चालतो म्हणून तिची वही बाजूला ठेवू नका. तिला शिकू द्या. पुढे शिक्षण पूर्ण झाल्यावर तिला यातच व्यवसाय करावासा वाटला, तर ती स्वतः नक्षी काढील, स्वतः हिशोब ठेवील आणि ठेकेदाराने कमी भाव दिला तर तसे सांगू शकेल. शिकलेला हात आणि शिकलेले डोके एकत्र आले, की मजुराचा मालक होतो. नुसत्या हाताला मात्र दुसऱ्याने ठरवलेला भाव घ्यावा लागतो.

हा विचार माझा एकट्याचा नाही. १९३७ साली आपल्या महाराष्ट्रातील वर्धा येथे महात्मा गांधींच्या पुढाकाराने एक शिक्षण परिषद भरली होती. शाळेत हस्तोद्योगाला मध्यवर्ती स्थान द्यावे आणि सूतकताई, सुतारकी, शेती अशा कामांच्या आधाराने मुलांना शिकवावे, अशी ती कल्पना होती. तिलाच पुढे 'नई तालीम' हे नाव मिळाले. या योजनेचा आराखडा करण्यासाठी जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन होते. जामिया मिलिया इस्लामियाचे हे थोर शिक्षक पुढे १९६७ मध्ये भारताचे राष्ट्रपती झाले. त्यांच्या समितीने हाताच्या कामाचा आग्रह धरला. पण त्याबरोबर एक इशाराही दिला. या योजनेत कमाईच्या बाजूवर जास्त भर पडून शिक्षणाचा आणि संस्कृतीचा हेतू मागे पडण्याचा धोका आहे, असे समितीने आपल्या अहवालात स्पष्ट नोंदवले होते. हाताला काम द्यावे, पण मुलाला मजूर करू नये, हे त्या मोठ्या शिक्षकाने तेव्हाच ओळखले होते. आपल्या शाळांत पुढे कार्यानुभवाचा तास आला, तोही याच विचारातून. हा तास कित्येकदा गणिताला किंवा इंग्रजीला दिला जातो, याचे मला वाईट वाटते. शिक्षकांनी तो मुलांच्या हातांसाठी राखून ठेवावा, असे मला वाटते.

छंदाचा आणखी एक लाभ सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. ज्याने स्वतः एक फूल भरले आहे, त्याला दुसऱ्याच्या फुलाची किंमत कळते. रुमालाच्या कोपऱ्यात पाच पाकळ्यांचे एक फूल भरायला नवख्या हाताला संध्याकाळ पुरत नाही. मग चिकनचा जो कुडता अंगभर फुलांनी भरलेला असतो, त्यात किती हात आणि किती दिवस गेले असतील? कोणी कापड कापले, कोणी ठशाने नक्षी उमटवली, कोणी टाके घातले, कोणी तो धुऊन ठशाचा रंग काढला. ईदच्या खरेदीला बाजारात गेल्यावर आपण अशा कुडत्याचा भाव सहज पाडून मागतो. हातात कधी सुई धरलेला माणूस भाव करताना क्षणभर थांबतो. त्या थांबण्यात माणुसकी असते. श्रमाला प्रतिष्ठा द्यावी, असे आपण निबंधात नेहमी लिहितो. ती प्रतिष्ठा कशी द्यायची, हे छंद शिकवतो.

तेव्हा मुलांनो, सुईच धरली पाहिजे किंवा मातीच मळली पाहिजे, असा माझा हट्ट नाही. कोणी कागदाच्या वस्तू करील, कोणी सुतारकाम करील, कोणी सुलेखनात रमेल. खत्तातीची परंपरा तर तुमच्या घरातलीच आहे. छंद कोणताही असो, पण तो हाताचा असावा आणि तुमच्या स्वतःच्या मनाचा असावा. पहिली वस्तू वाकडीतिकडी होईल. ती फेकू नका, तारीख घालून जपून ठेवा. सहा महिन्यांनी तिच्याशेजारी नवी वस्तू ठेवून पाहा. मधल्या काळात तुम्ही किती शिकलात, हे त्या दोन वस्तू सांगतील आणि त्यासाठी कोणत्याही गुणपत्रिकेची गरज पडणार नाही.

आणि घरातून पुन्हा कधी "हे कशाला?" असा प्रश्न आलाच, तर रागावू नका. ज्यांनी विचारले त्यांच्याही हातात एक सुई द्या आणि शेजारी बसवून घ्या. आपल्या अम्मीला, नानीला किंवा दादीला कदाचित एखादा असा टाका येत असेल, जो कोणत्याही पुस्तकात नाही. तो त्यांच्याकडून शिकून घ्या. नाहीतर तो त्यांच्याबरोबरच संपून जाईल.